दात्यांचे अंकगणित
यंत्रांची घडण : लेखांक सातवा

गिअरच्या जोडीत एका चाकाच्या एका फेरीत दुसऱ्याच्या किती फेऱ्या होणार, हे दात्यांच्या संख्येवरून ठरते, हा नियम मागील लेखांकात आला आहे. तो कागदावरून प्रत्यक्ष यंत्रात उतरवू लागले, की पहिली अडचण येते ती जागेची. कारण दोन चाकांचे दाते एकमेकांत नीट बसायचे, तर त्यांच्या दंडांमधील अंतर नेमके असावे लागते. धातूच्या पत्र्याला हवे तिथे भोक पाडता येते, परंतु लेगोच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांत भोके आधीच पाडलेली असतात आणि ती एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर असतात. डेन्मार्कमधील बिलुंड येथील या कंपनीने ठोकळ्याच्या आजच्या रचनेच्या पेटंटसाठी १९५८ मध्ये अर्ज केला आणि १९७७ मध्ये भोकांचे ठोकळे, अधिक चिन्हासारख्या छेदाचे दंड आणि गिअर यांची मालिका बाजारात आणली; तीच पुढे ‘टेक्निक’ या नावाने प्रसिद्ध झाली.

या मालिकेतील गिअरची मापे मोठ्या विचाराने ठरवलेली आहेत. दोन गिअर ज्या काल्पनिक वर्तुळांवर एकमेकांना भिडतात, त्या वर्तुळाचा व्यास येथे दात्यांच्या संख्येइतकेच मिलिमीटर असतो. त्यामुळे ८ दात्यांच्या गिअरची त्रिज्या ४ आणि २४ दात्यांच्या गिअरची १२ मिलिमीटर भरते. दोहोंची बेरीज १६, म्हणजे ८ मिलिमीटरची नेमकी दोन घरे. ८ आणि ४० दात्यांची जोडी तीन घरांत बसते, २४ आणि ४० ची चार घरांत. १६ आणि २४ दात्यांची जोडी मात्र २० मिलिमीटर, म्हणजे अडीच घरे मागते आणि सरळ रांगेत बसत नाही. उभ्या दिशेला आणखी एक पेच आहे, कारण ठोकळ्याची उंची ८ नसून ९.६ मिलिमीटर असते आणि एकावर एक रचलेल्या ठोकळ्यांची भोके त्यामुळे ८ च्या पटीत येत नाहीत. यावरचा उपाय पातळ पट्ट्यांत आहे. पट्टीची जाडी ३.२ मिलिमीटर असल्याने दोन ठोकळ्यांमध्ये दोन पट्ट्या घातल्या, की भोकांमधील अंतर ९.६ अधिक ६.४, म्हणजे बरोबर १६ मिलिमीटर होते, आणि आडव्या मांडणीत बसणारी ८ व २४ दात्यांची जोडी उभ्या मांडणीतही तितकीच चपखल बसते. भोकांच्या ठोकळ्यांनी उभारलेल्या जुन्या मॉडेलांच्या सांगाड्यात ठोकळा, दोन पट्ट्या, पुन्हा ठोकळा अशी जी रचना वारंवार दिसते, तिचे मूळ या बेरजेत आहे.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे आणि या लेखांकाचा खरा विषय तीच आहे. या संचांत नेहमी आढळणाऱ्या गिअरना ८, १२, १६, २०, २४, २८, ३६ किंवा ४० दाते असतात, आणि या संख्यांचे मूळ अवयव काढले तर २, ३, ५ आणि ७ यांखेरीज काहीच हाती लागत नाही. गिअरमागून गिअर जोडून केलेली साखळी फक्त गुणाकार आणि भागाकार करू शकते. म्हणून ती कितीही लांबवली, तरी ज्या गुणोत्तरात ११, १९ किंवा १२७ सारखी मूळ संख्या आहे, ते तिच्यातून कधीही निघणार नाही. घड्याळ बांधणाऱ्याला ही उणीव जाणवत नाही, कारण ६०, १२ आणि २४ या संख्या २, ३ आणि ५ यांनीच बनलेल्या आहेत. आकाशातील गतींचे प्रतिरूप उभारायला घेतले, की मात्र ती पावलोपावली आडवी येते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अँटिकिथेरा यंत्र. ग्रीसमधील त्या नावाच्या बेटाजवळ बुडालेल्या प्राचीन जहाजातून १९०१ मध्ये वर आलेले हे काशाचे, दोन हजार वर्षांहून जुने यंत्र आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात तुकड्यांच्या रूपात जपलेले असून त्यात ३० गिअर शिल्लक आहेत. सूर्याची १९ वर्षे म्हणजे चंद्राचे २३५ महिने, हे चक्र त्यात बसवलेले आहे. अधिक मासाची सवय असलेल्या मराठी वाचकाला ते परके वाटू नये: १९ वर्षांचे बाराच्या हिशेबाने २२८ महिने होतात आणि उरलेले सात हे साधारण तेवढ्या काळात येणारे सात अधिक मास होत. याच १९ वर्षांत नक्षत्रांच्या संदर्भात चंद्राच्या २५४ फेऱ्या होतात, म्हणून वर्षाच्या काट्याच्या १९ फेऱ्यांत चंद्राच्या काट्याने २५४ फेऱ्या घ्यायला हव्यात. २५४ म्हणजे दोन गुणिले १२७, आणि १२७ तसेच १९ या दोन्ही मूळ संख्या आहेत. प्राचीन कारागिराने काशाच्या तबकडीवर कानशीने १२७ दाते पाडून आणि दुसऱ्या चाकाला १९ च्या दुप्पट, म्हणजे ३८ दाते ठेवून हा प्रश्न समोरासमोर सोडवला. ठोकळ्यांच्या संचात अशी चाके नाहीत.

अमेरिकेतील अभियंता अँड्र्यू कॅरॉल यांनी २०१० मध्ये सुमारे १५०० टेक्निक भाग आणि शंभराहून अधिक गिअर वापरून ग्रहणांचे भाकीत करणारे हे यंत्र ठोकळ्यांत उभे केले. त्यांच्या हातचे मुख्य साधन होते डिफरन्शियल. मोटार वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. इंजिनाची शक्ती दोन्ही चाकांना पोहोचावी आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरता यावे, यासाठी मागच्या दांड्याच्या मध्यावर जी गिअरची पेटी असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. ठोकळ्यांच्या संचातील डिफरन्शियल तळहातावर सहज मावतो. त्याचे घर, म्हणजे बाहेरचे कवच, स्वतः एक दातेरी चाक असते, पोटात शंकूच्या आकाराचे छोटे गिअर असतात आणि दोन्ही बाजूंनी एकेक दंड आत शिरतो. घराचा वेग नेहमी त्या दोन दंडांच्या वेगांची सरासरी असतो, हा त्याचा गुण येथे कामाला येतो. मोटारीत घर फिरवून दोन दंडांना गती दिली जाते. येथे उलट दोन दंड फिरवले, की घरावर त्यांच्या वेगांच्या बेरजेची निमपट मिळते, आणि एका दंडाची दिशा उलटी केली की वजाबाकीची. जे यंत्र आतापर्यंत फक्त गुणू आणि भागू शकत होते, त्याला आता बेरीज-वजाबाकीही येऊ लागते आणि मूळ संख्यांची भिंत तेथेच ढासळते.

एक मार्ग असा. १२७ म्हणजे १२८ उणे १, आणि १२८ हा निव्वळ दोनांचा गुणाकार आहे. हाताने फिरवायच्या दांडीची गती एका बाजूने जशीच्या तशी डिफरन्शियलमध्ये न्यावी आणि दुसऱ्या बाजूने ती १२८ पटींनी मंद करून उलट दिशेने न्यावी. मंद करण्यासाठी मळसूत्री गिअर सर्वांत सोयीचा, कारण स्क्रूच्या आट्यांसारखा आटा असलेला हा गिअर एक पूर्ण फेरी घेतो तेव्हा समोरचे चाक केवळ एक दाता सरकते. तो आधी १६ दात्यांच्या आणि मग दुसरा मळसूत्री ८ दात्यांच्या चाकावर चालवला, की १६ गुणिले ८ अशी १२८ पट मंदगती दोनच टप्प्यांत मिळते, आणि दोनदा काटकोनात वळलेला दंड पुन्हा मूळ दिशेला समांतर आणता येतो. अशा रीतीने डिफरन्शियलच्या घरावर दांडीच्या वेगाच्या १२७/२५६ इतका वेग येतो. १९ साठी २० उणे १ ही वजाबाकी चालते: ८ दात्यांकडून ४० कडे एकदा आणि ८ कडून १६ कडे दोनदा जाऊन गती एक विसांश करायची, आणि दुसऱ्या डिफरन्शियलमधून १९/४० मिळवायचे. ते पुढे ५/६४ ने मंद केले, की १९/५१२ उरते. ५/६४ या अपूर्णांकात २ आणि ५ खेरीज दुसरा मूळ अवयव नसल्याने तो साध्या साखळीतून निघतो. १२७/२५६ म्हणजेच २५४/५१२. दांडीच्या ५१२ फेऱ्यांत एक काटा १९ वेळा आणि दुसरा २५४ वेळा फिरतो, आणि त्यात लेशमात्र अंदाज नाही. तिसरा डिफरन्शियल लावून या दोहोंची वजाबाकी केली, की २३५ महिन्यांशी जुळणारी चंद्रकलांची गतीही त्याच यंत्रातून मिळते. ग्रहणांच्या चक्रासाठी २२३ महिने लागतात. २२३ ही पुन्हा मूळ संख्याच, परंतु ती २२४ उणे १ आहे, आणि २२४ मधील ७ साठी २८ दात्यांचे चाक उपलब्ध आहे.

डेरेक दि सोला प्राइस या इतिहासकाराने १९७४ मध्ये मूळ काशाच्या यंत्रातच डिफरन्शियल असल्याचे मांडले होते. पुढच्या संशोधनात ते टिकले नाही. ज्याला हवे तेवढे दाते पाडता येत होते, त्या कारागिराला त्याची गरज नव्हती. ठोकळ्यांतले यंत्र म्हणून मूळ यंत्राची नक्कल ठरत नाही. तेच उत्तर वेगळ्या रीतीने काढलेले हे दुसरे गणित आहे, आणि त्याचे मोल त्यातच आहे.

गणित अचूक असले तरी प्लॅस्टिकचे गिअर आणि दंड तितके अचूक चालत नाहीत. गिअरच्या प्रत्येक जोडीत थोडी ढिलाई असते, तिला कारागीर ‘प्ले’ म्हणतात, आणि ८ दात्यांच्या गिअरमध्ये ती बोटांनाही जाणवते. गती मंद होत जाणाऱ्या साखळीत सुरुवातीची ढिलाई प्रत्येक टप्प्याला भागली जाते, गती वाढत जाणाऱ्या साखळीत ती गुणली जाते. म्हणून वरील रचनेत दांडी सर्वांत वेगवान दंडावर ठेवली आहे, वर्षाच्या काट्यावर नाही. लांब दंड पिळवटतो, त्यामुळे त्याला दोन्ही टोकांना आधार हवा. दंड जागेवर धरणारा छोटा बुश भिंतीला घट्ट दाबून बसवला, तर त्या एका जागी होणारे घर्षण शंभर गिअरच्या यंत्रात शंभर जागी जमा होते आणि दांडी फिरेनाशी होते. बुश आणि भिंत यांत कागद जाईल एवढी फट ठेवली, की तेच यंत्र हलके चालते. मळसूत्री गिअरचा आणखी एक फायदा येथे लक्षात येतो. त्याच्या पुढचे चाक त्याला उलटे फिरवू शकत नाही, म्हणून डिफरन्शियलच्या एका बाजूवर भार वाढला तरी दुसऱ्या बाजूची संथ गती मागे ढकलली जात नाही.

चंद्राचा वेग महिनाभर सारखा नसतो, आणि मूळ यंत्रात तोही दाखवलेला आहे: दोन चाकांची केंद्रे एक मिलिमीटरहून किंचित अधिक सरकवून, एकाची खिळी दुसऱ्याच्या खाचेत फिरवून. ८ मिलिमीटरच्या घरांत एवढे लहान अंतर कसे आणायचे, याचा विचार पुढील लेखांकात होईल.