कारवान घ्यायचा की लॅब? वस्तीवर शिकारी जातीचं कुत्रं आणण्याआधी हे वाचा

जत : माझा पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे पाचला उठून १६०० मीटरचा सराव. सोबतीला त्याला कुत्रं पाहिजे. "तात्या, लॅबच घेऊ, माणसाळलेला असतो." आईचं म्हणणं, वस्तीवर कारवानच शोभतो. गेल्या महिन्यात आणखी दोघा-तिघांनी फोनवर हेच विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, दोन्ही जाती शिकारीच्याच. फक्त काम वेगळं. कारवान नजरेनं शिकार हेरतो आणि पळून धरतो. लॅब्राडोर पळून धरणारा नाही. त्याचं मूळ कॅनडातल्या न्यूफाउंडलँडच्या थंडगार समुद्रकाठाचं. पुढं इंग्रजांनी बंदुकीनं पाडलेली बदकं पाण्यातून अलगद तोंडात धरून आणायला तो तयार केला. म्हणून तो चप्पल, चेंडू, खुरपं, जे सापडेल ते तोंडात धरून तुमच्यापुढं आणून ठेवतो.

कारवान आणि मुधोळ वेगळे का, असंही विचारतात. कुत्रं एकच, नावं दोन. एक केनेल क्लब कारवान हाउंड म्हणतो, दुसरा मुधोळ हाउंड. मुधोळच्या घोरपडे संस्थानानं ही जात जपली. २००५ साली टपाल खात्यानं मुधोळ हाउंडचं तिकीटही काढलं.

आता आपल्या भागाचा विचार करा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली माणूस थांबत नाही. लॅबच्या अंगावर दुहेरी केस, आतला थर लोकरीसारखा. त्याला सावली, गार फरशी आणि दिवसभर पाणी लागतं. उन्हात पळवलं तर उष्माघातानं जीव जातो. कारवानचे केस आखूड, अंगावर चरबी नाही, ऊन त्याला त्यामानानं सोसतं. पण थंडीत तोच कुडकुडतो, पोत्यावर किंवा गोधडीवर झोपवावा लागतो.

पळण्याचं म्हणाल तर भरतीवाल्या पोरासोबत दोघंही पळतील. लॅब रमतगमत, कारवान तुम्हाला मागं टाकून. मात्र पिल्लू वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत डांबरी रस्त्यावर लांब पळवू नका. सांधे खराब होतात. लॅबमध्ये खुब्याचं दुखणं वंशातून येतं, त्यामुळं शक्य असेल तर त्याचे आई-बाप चालताना बघून घ्या.

खाण्यात मोठा फरक आहे. लॅबला पोट भरल्याचं कळतच नाही म्हणतात, त्यात तथ्य आहे. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की बऱ्याच लॅबमध्ये भूक आवरणाऱ्या जीन्समध्येच दोष असतो. आपल्याकडं याचा वेगळाच धोका आहे. बेदाणा शेड! द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडन्या निकामी करतात. कुणाला थोडेसेही बाधतात. हंगामात शेडवर खाली सांडलेला माल लॅब सोडणार नाही. ज्यांचं शेड घराला लागूनच आहे, त्यांनी लॅबचा नाद सोडलेला बरा. कारवान खाण्यात जरा चोखंदळ, भाकरी-दूध-अंड्यावर भागतं, पण त्यालाही बेदाणा, कांदा घालू नका.

कारवानची खरी अडचण दुसरी आहे. पळणारं काही दिसलं की त्याला हाक ऐकू येत नाही. कोंबडी, मांजर, शेळीचं करडू, सगळं त्याला ससाच. लहानपणापासून शेरडांत वाढवला तर फरक पडतो, तरी पहिलं वर्ष नजर ठेवावीच लागते. शेजाऱ्याचं करडू मारलं तर भरपाई तुमच्या गळ्यात, आणि बांधाची भांडणं आपल्याकडं कमी आहेत का?

आणि ससा धरायला कारवान पाळणार असाल तर थांबा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकार गुन्हा आहे, कुत्र्यानं केली तरी. काही पोरं वर त्याचे व्हिडिओ टाकतात. म्हणजे वनखात्याला पुरावा आपणच घरपोच दिला.

स्वभावाचं थोडक्यात. लॅब चोरालाही शेपूट हलवील. घरात लहान लेकरं, येणंजाणं जास्त असेल तर तो चांगला. कारवान घरच्यांचा असतो, परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. मारलं तर तो बिथरतो, पुन्हा जवळ येत नाही. दिवसभर साखळीला बांधलेला कारवान हळूहळू चिडका होतो.

पिल्लू कुठून घ्यायचं यात मी स्वतः फसलोय. तीन वर्षांपूर्वी बाजारातून लॅबचं पिल्लू आणलं. विकणारा म्हणाला, "लस झालीय." कार्ड मागितलं नाही, ही माझी चूक. आठव्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण. डॉक्टरांनी पार्वो सांगितला. चार दिवस सलाईन लावलं, राहिलं नाही. धाकटी पुतणी दोन दिवस नीट जेवली नाही.

म्हणून कार्ड बघा, त्यावर लसीचं लेबल आणि डॉक्टरांची सही बघा. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडू नका. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो-डिस्टेंपरची लस सुरू होते, तिचे पुढचे डोस चुकवू नका. तीन महिन्यांनंतर रेबीजची, मग दरवर्षी. ज्या अंगणात पार्वोनं कुत्रं गेलंय, तिथं विषाणू कित्येक महिने टिकतो. तिथं लस पूर्ण झाल्याशिवाय नवं पिल्लू सोडू नका. कारवानची नसबंदी किंवा कुठलंही ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना जात आधी सांगा. अशा सडपातळ कुत्र्यांना भुलीची काही औषधं लवकर उतरत नाहीत.

खात्रीचा मुधोळ हवा असेल तर मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथं चौकशी करा. नाहीतर ओळखीच्या वस्तीवर जाऊन पिल्लाची आई स्वतः बघा.

आमच्या घरी शेवटी आईचं खरं ठरलं. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर कारवानची मादी पिल्लू सांगून ठेवलीय, अजून दीड महिन्याचीच आहे. पुतण्या जरा रुसलाय. शेरडांच्या गोठ्याला जाळी मारायचं काम शनिवारी आहे, ते झाल्यावरच पिल्लू आणणार.