१४ दिवसांत अख्खा भारत? थांब भावा!

भारत बघायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या खिशात एक लिस्ट असते. दिल्ली, आग्रा, जयपूर, वाराणसी, केरळ, गोवा... आणि जमलंच तर हिमालय! लिस्ट एकदम सही असते. प्रॉब्लेम एवढाच, की ती करताना समोर फक्त नकाशा असतो. कॅलेंडरकडे कुणी बघतच नाही.

अमेरिकेत जन्मलेल्या माझ्या आतेभावाची लिस्टही अशीच होती. वय २४, पहिली नोकरी, पहिली मोठी सुट्टी आणि आयुष्यातली पहिली भारतवारी. डिसेंबरच्या अखेरीचे १४ दिवस आणि सात शहरं. सातव्या नंबरवर कोल्हापूर, मुक्काम एक रात्र! आमची आजी इथं शिवाजी पेठेत राहते. वय ८६. या नातवाला तिनं आजवर फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं. त्यामुळे ती एक रात्र मला जाम खटकत होती.

पण पठ्ठ्या हटायला तयार नव्हता. "दादा, इंडियात येऊन ताज नाही बघितला तर इथे सगळे हसतील मला!" मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. कोल्हापुरात येऊन तांबडा-पांढरा न चाखता परत गेलेल्याला आपण काय म्हणतो? म्हटलं, इमोशनल व्हायला नको, आधी हिशेब करू.

किलोमीटर सोड, तास मोज

उत्तरेकडून दक्षिणेकडे आपला देश ३,२१४ किलोमीटर पसरलाय. लंडन ते इस्तंबूल अंतरसुद्धा यापेक्षा कमी आहे! विमान दोन तासांत पोहोचवतं हे खरं. पण हॉटेल सोडायचं, ट्रॅफिकमधून एअरपोर्ट गाठायचा, सामानाची वाट बघायची, पुन्हा ट्रॅफिक, मग पुढचं हॉटेल... अर्धा दिवस आरामात खलास. सात शहरं म्हणजे सहा वेळा बॅगा भरणं. त्यात पहिल्या दिवसाचा जेटलॅग आणि शेवटच्या दिवसाची पळापळ धरा. १४ पैकी निदान पाच दिवस नुसते रस्त्यात!

वर डिसेंबरअखेर म्हणजे उत्तर भारतात धुक्याचा सीझन. गाड्या आणि विमानं तासन् तास लेट होतात. आणि कळस म्हणजे साहेबांनी आग्र्यासाठी नेमका शुक्रवार धरलेला. शुक्रवारी ताजमहाल पर्यटकांसाठी बंद असतो, बॉस!

मग मी विचारलं, "समज, कोल्हापूरहून कुणी तुमच्याकडे आलं आणि म्हणालं, दहा दिवसांत न्यूयॉर्क, नायगारा, व्हेगास, सॅन फ्रान्सिस्को आणि फ्लोरिडा बघायचंय, तर?"

"वेडे आहेत म्हणेन," तो हसला. मग दोन सेकंद गप्प. "ओके दादा, पॉइंट आहे."

एक कोपरा पकड

आपला फंडा सिंपल आहे. एवढ्या अवाढव्य देशात पहिल्यांदा येणाऱ्यानं एकच कोपरा निवडावा. तिथं आपलं कुणीतरी माणूस असावं, बघायला तगडं काहीतरी असावं आणि फिरणं सोपं असावं. आमचा कोपरा तर घरचाच होता!

कोल्हापूरहून पन्हाळा जेमतेम २० किलोमीटर. १६६०च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले, तो हा गड. २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात तो आहे. राधानगरीचं जंगल, म्हणजे गव्यांचं राज्य, पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२मध्येच त्या यादीत गेलंय. खिद्रापूरला कोपेश्वराचं मंदिर आहे. तिथल्या स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध मोठ्ठा गोल मोकळा ठेवलाय. खाली उभं राहून वर बघायचं, थेट आभाळ! नाद खुळा!

आणि पुढे? आपली तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्स्प्रेस होस्पेटला थांबते. तिथून हंपी साधारण १३ किलोमीटर. विजयनगरची ही राजधानी १९८६पासून जागतिक वारसा आहे. तिथून गाडी करून बदामीची सहाव्या शतकातली लेणी आणि जवळचं पट्टदकल. मुंबईत महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडताना दिसणारी सीएसएमटीची इमारतही धरली, तर युनेस्कोच्या यादीतल्या पाच गोष्टी झाल्या. तेही देशात एकदाही विमानात न बसता!

प्लॅन आजीच्या कानावर घातला, तर ती माझ्यावरच उखडली. "माझ्यापायी पोराची ट्रिप कशाला बिघडवतोस? इथं काय हाय त्याला बघायला? जाऊ दे की आग्र्याला!" आता काय बोलणार? मी दोन्ही प्लॅन आतेभावाला पाठवले आणि गप्प बसलो. सुट्टी त्याची, पैसे त्याचे. दुसऱ्या दिवशी मेसेज आला : कोल्हापूर ५, हंपी ३, बदामी २, मुंबई २, उरलेले दोन प्रवासाला. ताज नेक्स्ट टाइम.

तिसऱ्या दिवशी उघडलेली ट्रंक

पहिले दोन दिवस नातू आणि आजी एकमेकांकडे बघून नुसते हसत होते. त्याचं मराठी कच्चं, तिला ऐकू कमी येतं. आम्ही त्याला गंगावेशीत दूधकट्ट्यावर नेलं, समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पाजलं, रंकाळ्यावर फिरवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आजीनं आपली जुनी ट्रंक उघडली. आत आत्याचे शाळेतले फोटो, प्रगतिपुस्तक, तिनं परदेशातून लिहिलेलं पहिलं पत्र. नातवाला आईचं अक्षर ओळखू आलं, पण वाचता येईना. मग आजी वाचत गेली आणि तो एकेका शब्दाचा अर्थ विचारत राहिला. संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही. एका रात्रीच्या मुक्कामात ती ट्रंक उघडली असती का, सांगा?

तुमच्याकडे पाहुणा येतोय?

- प्रत्येक ठिकाणी किमान दोन-तीन रात्री ठेवा. एक दिवस पूर्ण मोकळा हवाच.
- ताज बघायचाच असेल तर ट्रिपच्या एका टोकाला ठेवा. येताना मुंबई, जाताना दिल्ली असं तिकीट काढा, म्हणजे उलटा फेरा वाचतो.
- उत्तर भारतासाठी फेब्रुवारी-मार्च बेस्ट. धुकं ओसरलेलं असतं, ऊन तापायचं असतं.
- रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं. सुट्ट्यांच्या सीझनला त्याच दिवशी उरका.

आमचे साहेब फेब्रुवारीत परत येणार म्हणतायत, थेट आग्र्याला. ताज साडेतीनशेहून जास्त वर्षं तिथंच उभा आहे, तोवर थांबेल की!