चित्रपटांतील गवई



माझा नातू पेटी शिकतो. परवां 'अमेडियस' हा चित्रपट पाहून तो घरीं आला आणि म्हणाला, "आजोबा, मोझार्टला देवानें दिलें आणि सालिएरीला दिलें नाहीं, मग मीं रियाज कशाला करावा?" या प्रश्नानें मला विचारांत पाडलें. संगीतज्ञांच्या जीवनावरील चित्रपट आपणांस काय शिकवितात, हें त्या निमित्तानें पाहूं.

प्रथम इतिहास. मोझार्ट १७९१ सालीं ऐन पस्तिशींत वारला. सालिएरीनें त्याला विष घातलें ही वदंता पुढें पसरली. पुश्किननें १८३० सालीं तीवर नाटिका लिहिली, आणि पीटर शाफरच्या १९७९ च्या नाटकावरून १९८४ सालीं हा चित्रपट निघाला. विषप्रयोगास पुरावा नाहीं. उलट बेथोव्हन व शूबर्ट यांना शिकविणारा सालिएरी मोझार्टच्या धाकट्या मुलाचाही गुरु होता. तसेंच मोझार्टची विद्या आकाशांतून पडली नव्हती. त्याचे वडील लिओपोल्ड यांनीं अगदीं बालपणापासून त्याच्याकडून मेहनत करून घेतली होती. पडद्यावर दैवी देणगी तेवढी झळकते. मेहनत मागें राहते.

मग असे चित्रपट त्याज्य मानावेत काय? मला तसें वाटत नाहीं. याच चित्रपटांत सालिएरी एका रचनेंतील ओबो आणि क्लॅरिनेट यांचें काम उलगडून सांगतो. श्रवण कसें करावें याचा तो उत्तम पाठच आहे.

आपल्याकडे पहा. 'बैजू बावरा' या १९५२ च्या चित्रपटांतील तानसेन व बैजू यांचा सामना ही दंतकथा आहे. परंतु त्यांतील स्वर अमीर खां आणि द. वि. पलुसकर यांचे आहेत. कथा कल्पित, पण गाणें अस्सल! 'बालगंधर्व' या २०११ च्या चित्रपटाचें याहून निराळें आहे. १९११ सालीं 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीं कन्या निवर्तली असतां नारायणराव रंगभूमीवर उभे राहिले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. आनंद भाटे यांनीं पदेंही आस्थेनें गायिलीं आहेत. तरी रसिकाची एक तक्रार उरते. जें पद 'वन्समोअर' घेत घेत रंगत असे, तें पडद्यावर दोन-तीन मिनिटांत आटोपतें. कर्ज, वैभव, टाळ्या यांस वेळ मिळतो. ज्यासाठीं तो मनुष्य जगला त्या गाण्यासच तो कमी पडतो.

२०२२ च्या 'मी वसंतराव' मध्यें नातू राहुल देशपांडे यांनीं आजोबांची भूमिका केली आणि गाणेंही स्वतःच गायिलें. लष्करी हिशेब खात्यांतील नोकरी सांभाळीत गाणें जपणारा गृहस्थ त्यांत दिसतो. देणगीपेक्षां चिकाटीची ही कथा मला अधिक उपयुक्त वाटते.

सारांश, चित्रपट हा दिंडीदरवाजा आहे. वाडा त्याच्या आंत आहे. चित्रपट अवश्य पहावा, पण घरीं येऊन मूळ ध्वनिमुद्रिका डोळे मिटून ऐकावी, आणि जमल्यास एखादें विश्वसनीय चरित्र वाचावें. मृत मनुष्यास आपली बाजू मांडतां येत नाहीं. सालिएरीसारख्यावर अन्याय होऊं न देणें हें आपलेंच काम आहे.

नातवाला मीं एवढेंच सांगितलें, "बाळ, मोझार्टलाही रोज बसावें लागे." त्या संध्याकाळीं पेटीचा आवाज पुन्हां आला.