एमबीएचे फॉर्म: कुठे भरायचे, कुठे सोडायचे

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. 'दादा, कॅट देतोय, पण कॉलेजं कोणती निवडू?' मीही सध्या त्याच गोंधळात आहे, म्हणून आज तेच.

आधी माझी चूक सांगतो. पहिल्या वेळी मी नऊ ठिकाणी फॉर्म भरले. आयआयएमसाठी कॅटचा एकच फॉर्म चालतो, तिथे जादा पैसे लागत नाहीत. पण बाकीच्यांचं वेगळं असतं. एक्सएलआरआयसाठी झॅट, सिम्बायोसिससाठी स्नॅप, एनएमआयएमएससाठी एनमॅट, आणि परीक्षेच्या फीवर परत त्या-त्या कोर्सची फी. शेवटी हिशेब केला तर नऊपैकी चार ठिकाणी सीट मिळाली असती तरी मी गेलोच नसतो. मग भरले कशाला? मित्रांनी भरले म्हणून.

तेव्हा बाबांनी जेवताना विचारलं होतं, "एवढे पैसे लावून परत कॉम्प्युटरपुढंच बसाचं आहे, त मंग कायले जातं बाबू?" मला राग आला होता. पण यादी बनवायची सुरुवात याच प्रश्नापासून करायला पाहिजे होती. मला कोडिंग सोडून प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये जायचंय. ज्या कॉलेजात प्रॉडक्टच्या कंपन्या येतच नाहीत, ते कितीही नावाजलेलं असलं तरी माझ्या कामाचं नाही. तुम्हाला एचआर करायचं असेल तर एक्सएलआरआय वर जाईल, ऑपरेशन्स आवडत असेल तर मुंबईची जुनी नीटी, जी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली, ती वर जाईल. सगळ्यांची यादी सारखी असूच शकत नाही.

आता पॅकेज. जाहिरातीत 'ॲव्हरेज' लिहितात. आपण सॉफ्टवेअरवाले सर्व्हरचा ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम बघून कधी खूश होतो का? नाही, कारण दोन-चार टोकाचे आकडे सगळं चित्र बिघडवतात. इथेही तेच, एकाला परदेशात कोटीची ऑफर लागली की ॲव्हरेज वर. मीडियन बघा, म्हणजे रांगेतल्या मधल्या पोराला किती मिळालं. आणि एक बारीक गोष्ट: बॅचमध्ये किती जण होते आणि किती जणांचा आकडा रिपोर्टमध्ये धरलाय, हे जुळवून बघा. काही कॉलेजं ऑडिट केलेला रिपोर्ट देतात, आयआयएम अहमदाबाद तर वर्षानुवर्षं देतंय. जिथे फक्त कंपन्यांचे लोगो आणि सर्वात मोठा आकडा आहे, तिथे मी पुढे वाचतच नाही.

मग पैसा. समजा वीस लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षं. हप्ता होतो साधारण २६,४०० रुपये. पण शिकताना दोन वर्षं व्याज चढतच राहतं, ते न भरता मुद्दलात गेलं तर हप्ता तीस हजारांच्या घरात जातो. शिवाय त्या दोन वर्षांचा पगार बुडतो, तो वेगळाच. याच्या तुलनेत मुंबईचं जमनालाल बजाज बघा. १९६५ पासूनची संस्था, मुंबई विद्यापीठाची, आणि फी मोठ्या आयआयएमच्या तुलनेत फारच कमी. दिल्लीचं एफएमएस तर त्याहून स्वस्त. बजाजला राज्याच्या सीईटीतून जाता येतं: २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. गंमत म्हणजे आपल्याकडची पोरं कॅटच्या नादात सीईटीला 'स्टेटचीच तर आहे' म्हणून सोडून देतात. मी पण सोडली होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात माझ्या रूममेटचं वर्ष गेलं. राज्याची आणि केंद्राची आरक्षणाची यादी वेगळी आहे. व्हीजे, एनटी, एसबीसी हे राज्याचे प्रवर्ग. आयआयएमच्या फॉर्ममध्ये ते नसतातच. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी बघा, आणि असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं नॉन क्रीमीलेअर वेगळं काढा. एसईबीसीचा फायदा राज्याच्या कॉलेजात, आयआयएममध्ये नाही. उलट राज्याच्या प्रवेशाला जात वैधता लागते. रूममेटकडे राज्याचा कागद होता, इंटरव्ह्यूला केंद्राचा मागितला. तहसील आणि सेतूच्या चकरा फॉर्म भरायच्या आधी मारा, नंतर नाही.

आणखी एक कडू गोष्ट. बरेच आयआयएम कॅटसोबत दहावी-बारावीचे मार्कही धरतात, काही जण मुलींना आणि इंजिनिअर नसलेल्यांना जादा गुण देतात. माझ्यासारखा इंजिनिअर मुलगा, बारावीला जेमतेम, म्हणजे काही ठिकाणी कॅट चांगली जाऊनही बोलावणं येणार नाही. प्रत्येक आयआयएम निवडीचे निकष साइटवर टाकतं. अर्धा तास देऊन वाचा, कोणते दरवाजे आधीच बंद आहेत ते कळतं.

जवळचं म्हणून नागपूरचं आयआयएम घ्यावं का, हा प्रश्न भद्रावती-वरोऱ्याकडून खूप येतो. २०१५ ला सुरू झालं, २०२२ पासून मिहानमध्ये स्वतःचा कॅम्पस आहे. आपल्याकडून जाताना बुटीबोरीच्या पुढे, शहराच्या अलीकडेच. आईचा डबा पोहोचेल, हे खरं. पण कॅम्पसवरच राहायचं असतं, त्यामुळे अंतर हा फार मोठा मुद्दा नाही. कंपन्या कोणत्या येतात ते बघा.

आणि गडचिरोलीच्या एका ताईने विचारलंय, 'मला कॉर्पोरेट नको, बांबू-तेंदूच्या कामात यायचंय.' ताई, तुमची यादी आमच्यापेक्षा भारी आहे! भोपाळचं आयआयएफएम, १९८२ मध्ये स्थापन झालेलं, वनव्यवस्थापन शिकवतं. गुजरातमध्ये आणंदचं इर्मा, वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये उभं केलेलं. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकायला लागली. लिलाव, दर, मजुरी, हिशेब, हे सगळं मॅनेजमेंटच आहे की. यावर वेगळा एपिसोड करू, ताईंना बोलावून.

माझी यंदाची यादी? नऊवरून चारवर आलीये. बजाज आहे, दोन आयआयएम आहेत, चौथं बाबांना दाखवून ठरवणार. सीईटीचा फॉर्म निघाला की पहिल्याच दिवशी भरतोय.