लाचोरचे रुग्णालय आणि स्वयंसेवकाचे पहिले दिवस

आफ्रिकेतील एखाद्या मिशन रुग्णालयात काही महिने सेवा करावयाची आहे, तेथे गेल्यावर प्रत्यक्षात काय करावे लागते, असा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील युवक-युवती आम्हांला अधूनमधून विचारतात. विचारणाऱ्यांत परिचारिका असतात, नुकतेच डॉक्टर झालेले असतात, आणि सद्भावना हीच ज्यांची पदवी आहे असेही काही असतात. पहिल्या काही दिवसांपुरते उत्तर द्यावयाचे तर हाताने फारसे काही करावयाचे नसते, आणि उत्साहाने गेलेल्या माणसाला तेच सर्वांत जड जाते. असे का, हे समजण्यासाठी युगांडातील एका रुग्णालयाचे उदाहरण आपण पाहू.

उत्तर युगांडातील गुलू शहरापासून सुमारे सहा किलोमीटरवर लाचोर येथे सेंट मेरीज रुग्णालय आहे. कोम्बोनी मिशनऱ्यांनी १९५९ साली ते सुरू केले, तेव्हा त्याचा पसारा अगदी लहान होता. १९६१ साली इटलीचे डॉ. पिएरो कोर्ती तेथे दाखल झाले. शस्त्रक्रिया विभाग उभा करण्यासाठी त्यांनी कॅनडातील आपल्या परिचित शल्यचिकित्सक डॉ. लुसील टीसडेल यांना केवळ दोन महिन्यांकरिता बोलावले. मोबदला म्हणून विमानभाडे आणि सिगारेटी एवढेच देऊ केले होते, असे सांगतात! लुसील आल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये दोघांचा विवाह झाला. दोन महिन्यांची पस्तीस वर्षे झाली. युद्धातील जखमींवर शस्त्रक्रिया करताना लुसील यांना एचआयव्हीची लागण झाली. १९८५ साली निदान झाल्यावरही त्यांनी काम थांबविले नाही. १९९६ साली त्यांचे निधन झाले. आज या रुग्णालयात पाचशेच्या आसपास खाटा आहेत, आणि त्याचा कारभार युगांडाचे डॉक्टर, परिचारिका व व्यवस्थापक सांभाळतात. बाहेरून येणाऱ्याने हे आरंभीच ध्यानात घ्यावे. आपल्यावाचून तेथील काम अडलेले नाही.

निघण्यापूर्वीची तयारी घरीच सुरू होते. डॉक्टर अथवा परिचारिका म्हणून काम करावयाचे असेल तर त्या देशाच्या परिषदेकडे नोंदणी करून परवाना घ्यावा लागतो. भारतातील नोंदणी तेथे आपोआप चालत नाही. पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रवासापूर्वी किमान दहा दिवस आधी ती घेतलेली असावी लागते. ते प्रमाणपत्र परतीच्या वाटेवरही जपून ठेवावे. ते नसल्यास मुंबईच्या विमानतळावर उतरताच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची पाळी येऊ शकते. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांकडे मात्र आपली मंडळी दुर्लक्ष करतात. मलेरिया आम्हांला नवा नाही, असे त्यांचे म्हणणे असते. परंतु तेथील मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे प्राणघातक प्रकारचा असतो, आणि लहानपणी कधी हिवताप येऊन गेला म्हणून त्यापासून संरक्षण मिळत नाही. सेवेला गेलेला माणूस पहिल्याच महिन्यात खाटेवर पडला तर परिचारिकांचे काम वाढते, एवढेच होते.

एंटेबे विमानतळावरून कंपाला आणि तेथून गुलू असा दिवसभराचा प्रवास असतो. वाटेत करुमा येथे नाईल नदी ओलांडावी लागते. गुलूच्या परिसरात आचोली भाषा बोलली जाते. "कोपांगो?" असे कोणी म्हटले तर "कोपे" असे उत्तर द्यावे. विचारपूस केल्यावाचून कामाचे बोलणे काढणे तेथे उद्धटपणाचे मानले जाते. भारतीय चेहरा पाहून लोक आपल्याला प्रथम व्यापारी समजतात, यात रागावण्यासारखे काही नाही. १९७२ साली ईदी अमीनने हद्दपार करेपर्यंत गावोगावची दुकाने भारतीयांची होती, आणि सरकारी कचेऱ्यांत गोव्याचे अनेक कारकून होते. सेवेसाठी आलेला भारतीय त्यांच्या आठवणींत सहसा नसतो.

पहिल्या सकाळी वॉर्डात पाऊल टाकताच दिसतात ते नातेवाईक. रुग्णासोबत आई, आजी किंवा बहीण आलेली असते. स्वयंपाक, धुणे, रुग्णाला भरविणे ही कामे तीच करते, आणि रात्री खाटेजवळ चटईवर झोपते. आपल्याकडील तालुक्याचे सरकारी रुग्णालय ज्याने पाहिले आहे त्याला याचे फारसे नवल वाटणार नाही. नवल वाटते ते बालविभागात, पावसाळ्यात. मलेरियाने रक्त आटलेली, कागदासारखी पांढरी पडलेली मुले एकामागून एक येत राहतात. त्यांतील काहींना सिकलसेलचा आजारही असतो, जो आपल्या पालघर व नंदुरबारच्या आदिवासी बांधवांना ठाऊक आहे.

अशा वेळी नवख्या डॉक्टरची काय गत होते ते पाहण्यासारखे आहे. समोर तापाने फणफणलेले मूल, हातपाय गार, नाडी जलद. शहरातील रुग्णालयात शिकलेला डॉक्टर तत्काळ सलाइन जोरात सोडावयास धावतो, कारण पुस्तकांनी त्याला तेच शिकविलेले असते. हे पुस्तकी ज्ञान आफ्रिकेतील मुलांना लागू पडते काय, याची तपासणी युगांडा, केनिया व टांझानिया येथील सहा रुग्णालयांत झाली, आणि त्यांतील एक लाचोर होते. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३,१४१ मुलांपैकी ज्यांना आरंभीच जलद द्राव दिला गेला त्यांच्यातील शंभरांमागे साडेदहा मुले दोन दिवसांत दगावली. ज्यांना तसा दिला नाही त्यांच्यात हे प्रमाण शंभरांमागे सात इतके होते. (जुलाबाने शुष्क झालेल्या मुलांचा यात समावेश नव्हता, त्यांना द्राव द्यावाच लागतो.) म्हणजे ज्या हातांनी प्राण वाचवावयाचे तेच हात, घाई केल्यास, शंभरांतील तीन-चार मुलांना अधिक गमावतात. मूल तोच ताप घेऊन येते, सलाइनही तेच असते. तरीही आपल्या शिक्षणातून आलेला निर्णय तेथे चुकू शकतो. म्हणून पहिल्या आठवड्यात वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेच्या मागे वही घेऊन उभे राहावे, ती कोणत्या मुलाकडे आधी वळते ते पाहावे, आणि का वळली ते नंतर विचारावे. वयाने ती लहान असेल, पदवीने कमी असेल, तरीही विचारावे. जे काम आपल्या देशात करण्याची आपल्याला परवानगी नाही, ते तेथे मनुष्यबळ अपुरे आहे म्हणून अंगावर घेऊ नये. गरिबाचे शरीर सरावासाठी नसते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण सर्वांनी कितीतरी वेळा ऐकला आहे. त्यातील एका व्यक्तीकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही, असे आम्हांला वाटते. शोमरोनी दुसऱ्या दिवशी प्रवासाला निघून गेला. पुढील दिवसांची शुश्रूषा उतारशाळेच्या रक्षकाने केली. बाहेरून आलेला स्वयंसेवक शोमरोन्याच्या जागी असतो. त्याच्या खिशात परतीचे तिकीट असते.

तिकिटाचा अर्थ लाचोरमध्ये २००० सालच्या ऑक्टोबरात स्पष्ट झाला. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनी अनाकलनीय तापाने मरू लागल्या, तेव्हा रुग्णालयाचे प्रमुख डॉ. मॅथ्यू लुक्विया कंपाला येथे पुढील शिक्षण घेत होते. ते तातडीने परतले, आणि हा इबोला असावा असे त्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल येण्यापूर्वीच ओळखले. त्या साथीत युगांडात ४२५ जणांना लागण झाली आणि २२४ जण मरण पावले. लाचोरचे अनेक कर्मचारी त्यांत होते. घाबरलेल्या परिचारिकांना डॉ. लुक्विया यांनी थांबण्याची विनंती केली, सक्ती केली नाही. एका रात्री मरणासन्न परिचारकाच्या मदतीला ते घाईने धावले. डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढविण्याचे राहून गेले. ५ डिसेंबर २००० रोजी इबोलानेच त्यांचा मृत्यू झाला. लुसील यांच्या शेजारी, रुग्णालयाच्या आवारातच, त्यांना पुरले आहे.

डॉक्टर किंवा परिचारिका नसलेल्यांनी निराश होण्याचे कारण नाही. प्राणवायूचे यंत्र, विजेचा जनित्र, पाण्याचा पंप, औषधसाठ्याचा हिशेब या गोष्टी बंद पडल्या की वॉर्डही बंद पडतो, आणि त्या दुरुस्त करणारा माणूस पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. लाचोरमध्ये हे काम कोम्बोनी संघाचे ब्रदर एलिओ क्रोचे यांनी अनेक वर्षे केले. इमारती, विहिरी, यंत्रे सर्व त्यांच्याकडे असे. इबोलाच्या दिवसांत मृतांना दफनासाठी नेण्याचे कामही त्यांनीच अंगावर घेतले. २०२० साली कोविडने त्यांचे निधन झाले.