नदी पार झाली की नावाडी कोण? आपल्या धंद्यातल्या म्हणी



पोरांच्या इंग्रजी पुस्तकात वाक्प्रचारांचं एक पान असतंच. पोरं अर्थ घोकतात, पण त्यातले कितीतरी शब्द आपल्या गळाजाळ्यातून निघालेत, हे त्यांना कुणी सांगत नाही. तेच आज सांगतो.

'हुक, लाईन अँड सिंकर' : एखाद्यानं थाप पुरती खरी मानली की इंग्रज असं म्हणतो. हुक म्हणजे गळ, लाईन म्हणजे दोरी, सिंकर म्हणजे शिशाचं वजन. हावरा मासा आमिषासकट तिन्ही गिळतो, तसा हा माणूस. आपण नुसतं 'गळाला लागला' म्हणतो. इंग्रजानं वजनसुद्धा सोडलं नाही!

'समथिंग फिशी' : म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. ऐकून राग येतो, पण हा वास शिळ्या माशाचा. ताज्या मालाला असा वास नसतो, हे बाजारात बसणाऱ्या आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. म्हणून सांगतो, बर्फात काटकसर करू नका. एका शिळ्या टोपलीनं सगळ्यांचं नाव जातं.

आता आपल्या सीमाभागातली कन्नड म्हण बघा : 'होळे दाटिद मेले अंबिगन हंगेनु?' होळे म्हणजे नदी, अंबिग म्हणजे नावाडी. नदी पार झाली, आता नावाड्याचे उपकार कशाला? मराठीत 'गरज सरो, वैद्य मरो'. मराठीनं वैद्याला धरलं, कन्नडनं आपल्या माणसाला!

याच अंबिगांत १२व्या शतकात, बसवण्णांच्या काळात, अंबिगर चौडय्या झाले. नाव वल्हवून पोट भरणारा हा माणूस वचनकार शरण म्हणून आजही मानला जातो.

पूल झाले, नावाडी मागं पडला. पण जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या. असा पूर आला की माणसं पुन्हा नावेचीच वाट बघतात. पाणी ओसरलं की ती म्हण परत खरी होते.

तेव्हा पोरांना 'इन द सेम बोट' शिकवताना हेही सांगा : मराठी बोला नाहीतर कन्नड, दूधगंगा-वेदगंगेच्या काठावर आपण सगळे एकाच नावेत आहोत.

तुमच्या घरात माशाची, नावेची, पाण्याची कुठली म्हण चालते? म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि खाली लिहा. ती माणसं आहेत तोवरच हे शब्द हाती लागतील.