गोठलेला नळ आणि कोमट विहीर

फेब्रुवारी 2021. अकोल्यात दुपारचे पंखे सुरू झाले होते आणि टेक्सासातून भाच्याचा फोन आला. डॅलसपासून तासाभरावरच्या एका खेड्यात त्याचं घर आहे. 16 तारखेला डॅलसला पारा शून्याखाली 19 अंशांवर गेला होता. त्या आठवड्यात टेक्सासात 45 लाखांहून अधिक घरं-दुकानं अंधारात होती, त्यात हेही घर. दोन दिवसांनी वीज आली, घर तापलं आणि मग माळ्यावरून बैठकीत पाण्याची धार लागली. ‘‘मामा, थंडीत काही झालं नाही, अन् ऊब आल्यावर पाइप कसा फुटला?’’

पाइप आधीच फुटला होता. भेगेत बर्फाचं बूच बसलेलं होतं, ते वितळलं तेव्हा पाणी दिसलं.

पाणी 4 अंशांना सर्वांत दाट असतं आणि गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकतो. त्यामुळे बर्फ आतून रेटतो आणि पाइप तिथेच चिरतो, असं वाटतं. बहुतेक वेळा घडतं ते वेगळंच. पाइपात एके ठिकाणी बर्फ धरतो, वाढत जातो आणि पुढचं पाणी बंद नळाच्या दिशेने ढकलतो. मागे बर्फ, पुढे बंद तोटी, मधलं पाणी जाणार कुठे? पाणी दाबून दबत नाही. दाब नेहमीच्या कित्येक पट चढतो आणि जिथे पाइप कच्चा तिथे तो फुटतो. ती जागा बर्फापासून चार हात लांबही असू शकते.

म्हणून कडाक्याच्या रात्री तिकडे नळ किंचित सोडून ठेवतात. बारीक धारेने दाब मोकळा होतो, शिवाय जमिनीखालून थोडं उबदार पाणी सारखं येत राहतं. ही ऊब वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पौषात पहाटे मोटर सुरू केली की विहिरीचं पाणी हाताला कोमट लागतं, त्यावर वाफ दिसते. काही फूट खाली माती हवेइतक्या लवकर निवत नाही.

माझ्या बहिणीला मात्र हे पटेना. ‘‘नळ चालू ठिवून झोपते का कोनी?’’ काटेपूर्णा धरणाच्या पाण्याची वाट पाहत जिने घरातले हंडे-कळश्या भरल्या, तिला गळता नळ पाहवत नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

आपल्याकडे पाइप का गोठत नाहीत? चिखलदऱ्यात एखाद्या हिवाळ्यात गवतावरचं दव गोठल्याची बातमी येतेच. पण दवाचा थेंब तो केवढा! निरभ्र रात्री गवताचं पातं आपली उष्णता आभाळाकडे टाकतं आणि भोवतीच्या हवेहूनही थंड होतं. पाइपातल्या पाण्याचं तसं नाही. एक ग्रॅम पाणी एका अंशाने थंड करायला एक कॅलरी काढून घ्यावी लागते, पण शून्य अंशावरच्या त्याच पाण्याचा बर्फ करायला आणखी 80. आपली थंडी पहाटेपुरती, तेवढ्यात सूर्य वर येतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात झालेल्या चाचण्यांत उघडे पाइप गोठण्याचा धोका बाहेरचं तापमान उणे 7 अंशांच्या आसपास गेल्यावर दिसला होता.

टेक्सासही उन्हाचाच मुलूख. तिथे कित्येक घरांत पाइप माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून जातात, वर पुरेसं वेष्टण नसतं. आपला पाइप गच्चीवरून उघडाच उतरतो आणि मे महिन्यात भर दुपारी नळाखाली हात धरवत नाही. त्यावर गुंडाळलेला बारदाना ऊन अडवतो, तसंच तिकडचं फोमचं वेष्टण थंडी अडवतं. दोन्ही काम एकच करतात, उष्णतेची ये-जा मंदावतात. वेष्टण स्वतः ऊब देत नाही, म्हणून वीज नसलेल्या घरात ते काही तासच पुरतं. तेव्हा मुख्य कॉक बंद करून सगळे नळ उघडायचे आणि पाइप रिकामे करायचे, हाच खात्रीचा उपाय. भाच्याला कॉक कुठे आहे हेच ठाऊक नव्हतं.

गोठलेला पाइप सोडवतानाही घाई नको. आधी नळ उघडायचा, मग नळाकडून मागे मागे जात केस वाळवायच्या यंत्राने शेक द्यायचा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळते. पाइपाला ज्योत कधीच लावायची नाही.

आता भाच्याच्या घरी त्या कॉकला लाल चिंधी बांधलेली आहे. आणि तिकडे थंडीची लाट आली की बहीणच फोनवर विचारते, ‘‘धार सोडली ना रे?’’